कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (रामबाग, इंदूर) : माझे वय 46 आहे. साध्या मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘स्तन दाट आहेत’ असे लिहिले असून डॉक्टरांनी आता कॉन्ट्रास्ट देऊन मॅमोग्राफी करायला सांगितली आहे. तीच तपासणी पुन्हा कशासाठी?

उत्तर : ही तीच तपासणी नव्हे. दाट स्तनातील ग्रंथींचा भाग एक्स-रेवर पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. म्हणून लहान गाठ त्यात झाकली जाऊ शकते. कर्करोगाची गाठ वाढताना आपल्याभोवती नव्या रक्तवाहिन्या निर्माण करवते, त्यांच्या भिंती कच्च्या असतात आणि त्यांतून आयोडीनयुक्त औषध (म्हणजेच कॉन्ट्रास्ट) बाहेर झिरपते. हाताच्या शिरेतून हे औषध दिल्यावर सुमारे दोन मिनिटांनी स्तनाची कमी आणि जास्त ऊर्जेच्या किरणांनी लागोपाठ चित्रे घेतात व संगणकावर त्यांची वजाबाकी करतात, तेव्हा ग्रंथींचा पांढरेपणा पुसट होतो आणि औषध साचलेली जागा उठून दिसते. कमी ऊर्जेचे चित्र साध्या मॅमोग्राफीसारखेच असल्याने कॅल्शियमचे बारीक कणही त्यात पाहता येतात. किरणांची मात्रा साध्या मॅमोग्राफीपेक्षा काहीशी अधिक असते, परंतु आपल्यासारख्या स्थितीत मिळणारी माहिती पाहता मला ती स्वीकारार्ह वाटते. ब्रिटनमधील, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या दाट स्तनांच्या स्त्रियांमध्ये या पद्धतीने दर हजारी सुमारे 19 कर्करोग सापडले, तर स्वयंचलित सोनोग्राफीने सुमारे 4.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर) : आईला मधुमेह आहे, ती मेटफॉर्मिन घेते आणि मासे खाल्ले की तिच्या अंगावर पित्त उठते. तिला हे इंजेक्शन चालेल का?

उत्तर : माशांची अ‍ॅलर्जी त्यांतील प्रथिनांमुळे होते, आयोडीनमुळे नाही, तेवढ्यावरून तपासणी नाकारू नये. पूर्वी सीटी स्कॅनच्या वेळी अशा औषधाने त्रास झाला असेल, तर मात्र ते आधीच सांगितले पाहिजे. त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे आहे हे सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे. मूत्रपिंडाचे काम ठीक असेल तर मेटफॉर्मिन सहसा थांबवावे लागत नाही. ते बरेच मंदावलेले असेल तर गोळी 48 तास बंद ठेवणे किंवा ही तपासणीच टाळणे, याचा निर्णय डॉक्टर घेतील.

प्रश्न (देवास) : त्याऐवजी एमआरआय करावा का?

उत्तर : एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात आणि आनुवंशिक धोका मोठा असलेल्या स्त्रियांसाठी तोच पहिला पर्याय आहे. पेसमेकर असलेल्यांना किंवा बंद जागेत गुदमरल्यासारखे होणाऱ्यांना कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी सोयीची ठरते.

प्रश्न (टिळक नगर, इंदूर) : रिपोर्टमध्ये एका जागी औषध साचल्याचे दिसले आणि बायोप्सी सुचवली आहे. सुई लावली की रोग पसरतो, असे घरचे म्हणतात.

उत्तर : ही भीती मला सर्वांत अधिक काळजीत टाकते, कारण तिच्यामुळे उपचारांना महिनोन्‌महिने उशीर होतो. सुईच्या बायोप्सीमुळे रुग्णाचे आयुष्य कमी होते, असे दिसून आलेले नाही. उलट, फायब्रोअ‍ॅडेनोमा (कर्करोग नसलेली साधी गाठ) किंवा सुजेच्या जागीही औषध साचू शकते, त्यामुळे केवळ चित्रावरून कर्करोग ठरवणेही चूक आणि नाकारणेही चूक. सोनोग्राफीत तीच जागा दिसली तर तिच्या मदतीने सुई नेमकी लावता येते. म्हणून जुने रिपोर्ट व सीडी बरोबर नेऊन या आठवड्यातच वेळ ठरवावी. हाताला स्पष्ट गाठ लागत असेल, तर चित्र निर्दोष आले तरी ती गाठ तपासून घ्यावी, कारण काही कर्करोग औषध फारसे धरत नाहीत.