खुर्चीचे पाय येत नसतील तर मॉडेल बदलू नका, आधी माप तपासा

तुम्ही लिहिलंय की पीसीएनचं (अर्धवट त्रिमितीय स्कॅनमधले न दिसलेले बिंदू भरून वस्तू पूर्ण करणारं न्यूरल नेटवर्क) तयार मॉडेल चाचणीच्या खुर्च्या छान पूर्ण करतं, पण तुम्ही मोबाईलने स्कॅन केलेली घरची खुर्ची दिली की पाय येतच नाहीत, बैठकीखाली नुसता बिंदूंचा गोळा होतो. तो गोळा मी चांगला ओळखतो. माझे चार महिने त्यात गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इन्स्टॉलेशन, जीपीयू वगैरे तुम्हाला जमलेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

आमचं काम जुन्या सागवानी खुर्च्यांचं होतं. मोडका भाग संगणकावर पूर्ण करायचा आणि सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्रावर, नवा कोरून घ्यायचा. खुर्च्या भिंतीला टेकलेल्या, खाली सामान, त्यामुळे स्कॅनमध्ये बैठकीच्या वरचंच काय ते यायचं.

आता चूक. प्रत्येक अर्धवट स्कॅन मी त्याच्या स्वतःच्या चौकटीवरून (बिंदूंना वेढणाऱ्या पेटीवरून) मध्यावर आणत होतो आणि १ मापात, म्हणजे सगळ्यात लांब बाजू १ होईल असा, बसवत होतो. सगळेच करतात, मीही केलं. पण हिशेब मांडून बघा. खुर्ची ९० सें.मी. उंच, ५० सें.मी. रुंद. दिसतोय फक्त बैठकीच्या वरचा ४५ सें.मी. भाग. खुर्चीचा खरा मध्य जमिनीपासून ४५ वर, पण माझ्या तुकड्याचा मध्य ६७ च्या आसपास. म्हणजे वस्तू २२ सें.मी. सरकली. शिवाय सगळ्यात लांब बाजू ९० ऐवजी ५० धरली गेली, म्हणून ती १.८ पट फुगली. परिणाम असा की बैठकीची कड जवळजवळ तिथे जाऊन बसली, जिथे मॉडेलला एरवी पायांची टोकं दिसतात. त्याच्या लेखी खुर्ची तिथे संपली होती. पाय काढणार कुठे?

चाचणीत हे दिसत नाही. पीसीएनच्या डेटात शेपनेट या त्रिमितीय मॉडेलांच्या संग्रहातली वस्तू आधीच मध्यावर आणलेली, ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या दिशेला असते. अर्धवट तुकडा तिच्याच डेप्थ चित्रांतून (प्रत्येक ठिकाणचं अंतर नोंदवणाऱ्या चित्रांतून) काढतात, म्हणून तो बरोबर आपल्या जागेवर राहतो. म्हणजे पूर्ण वस्तू कुठे आहे आणि केवढी आहे, हे उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. पीसीएनच्या २०१८ च्या मूळ पेपरात केआयटीटीआय या रस्त्यांवरच्या डेटासंचातल्या खऱ्या लायडार (लेझरने अंतर मोजणाऱ्या) स्कॅनमधल्या गाड्या पूर्ण केल्या आहेत, तिथेही माणसांनी आखलेल्या पूर्ण गाडीच्या चौकटी वापरल्या आहेत. ते वाक्य मी तीनदा वाचून सोडून दिलं होतं. तुम्ही सोडू नका.

माझ्या बाबतीत एका स्कॅनिंगवाल्या एजन्सीने यात भर घातली. नाव घेत नाही. पूर्ण खुर्च्यांचे स्कॅन त्यांच्याकडून पैसे मोजून घेतले, ते 'क्लीन' होऊन आले. क्लीन म्हणजे काय, तर भोकं परस्पर बुजवलेली, कडा गुळगुळीत केलेल्या, आणि प्रत्येक फाईल वेगवेगळी मध्यावर आणून १ मापात बसवलेली. मूळ मिलिमीटर गायब. कच्चा डेटा मागितला तर उत्तर आलं, तो आम्ही ठेवत नाही. म्हणजे माझा अर्धा तुकडा एका चौकटीत, पूर्ण खुर्ची दुसऱ्याच चौकटीत, आणि दोन्ही जुळवायला एकही आकडा हातात नाही. आजही आठवलं की राग येतो. काम बाहेर देणार असाल तर कच्चा डेटा आणि मूळ माप मिळेल, हे आधी लेखी घ्या.

उपाय दोन. ट्रेनिंग पुन्हा करणार असाल तर मध्य आणि माप अर्धवट तुकड्यावरूनच काढा, पण तेच आकडे पूर्ण वस्तूलाही लावा. पूर्ण वस्तू चौकटीबाहेर गेली तर जाऊ द्या, ते शिकणं हेच तर मॉडेलचं काम आहे. सोबत उभ्या अक्षाभोवती थोडं फिरवणं आणि माप थोडं कमीजास्त करणं घाला. ट्रेनिंग करायचं नसेल तर स्कॅन करताना थोडी जमीन येऊ द्या, ओपनथ्रीडी या मोफत लायब्ररीमध्ये सपाट पृष्ठभाग शोधून जमीन ठरवा आणि खुर्चीची उंची, रुंदी, खोली सरळ टेपने मोजून चौकट हाताने द्या. शेपनेटमध्ये वरची दिशा वाय असते, मोबाईलच्या ॲपमध्ये कधी झेड, तेही बघा. मला पहिले पाय दिसले ते याच टेपवाल्या पद्धतीने.

लाखभर बिंदू तसेच देऊ नका. पीसीएन दोन-तीन हजार बिंदूंवर शिकलेलं असतं, देतं १६३८४. आधी कडांवरचे तरंगते बिंदू काढा, मग समान अंतराने निवडा.

चॅम्फर अंतराबद्दल (मॉडेलचे बिंदू आणि खरे बिंदू एकमेकांपासून सरासरी किती लांब आहेत, तो आकडा) माझं मत जरा टोकाचं आहे, पटलं तर घ्या. तो आकडा कमी आला म्हणून खुश होऊ नका. न दिसलेल्या भागात चार पाय असतील की मधला एक खांब, हे स्कॅनवरून कळत नसेल, तर दोन्हींच्या मधला धूसर ढगही त्या आकड्यात बरा ठरतो. आणि पेपरांमधले आकडे परस्पर ताडून बघू नका: कोणी वर्ग करून मोजतं, कोणी न करता, वर हजाराने गुणलेलं असतं.

खुर्चीचा डावा हात मोडलाय आणि उजवा शाबूत आहे, तर मॉडेल लागतच नाही. मधली पातळी शोधा, उजवा हात आरशासारखा उलटवा, बसवा. आम्ही शेवटी सीएनसीवर जे भाग कोरले ते बहुतेक असेच निघाले. बारीक भोकांना पॉयसन (बिंदूंवरून सलग पृष्ठभाग बनवायची पद्धत) पुरतं, मात्र मोठ्या भोकावर ते फुगा आणतं, कमी घनतेचा भाग छाटून टाका.

माझा अनुभव खुर्च्या आणि टेबलांपुरता आहे, दात किंवा कवटीच्या स्कॅनला हे जसंच्या तसं लावू नका. आणि मॉडेलने घातलेले बिंदू वेगळ्या रंगात ठेवा, मूळ स्कॅनमध्ये मिसळू नका. आमच्या सुताराने एकदा अशा मिसळलेल्या फाईलवरून पायाची जाडी घेतली आणि सागाचा चांगला तुकडा वाया गेला.

टेपने मोजून चौकट दिल्यावर काय येतं ते फोटोसकट इथेच टाका. मी बघतो.