संगणकाने रचलेल्या जगांचा इतिहास : वाचकांचे प्रश्न

आपोआप तयार होणारी काल्पनिक जगं आणि त्यांत खेळाडूने हात लावण्याआधीच घडून गेलेली युद्धं, राज्यं, घराणी यांविषयी आलेल्या पत्रांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेकांचा रोख ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या संगणकावरच्या खेळाकडे आहे. त्याच्या जगात माणसांबरोबर ड्वार्फ (डोंगरात राहणारे बुटके), एल्फ (जंगलात राहणारे) आणि गॉब्लिन (लढाऊ, दुष्ट) असे काल्पनिक वंश असतात. टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांनी २००२ साली हा खेळ लिहायला घेतला. पहिली जाहीर आवृत्ती २००६ साली आली आणि चित्रांसह विकत मिळणारी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आली. चित्रांऐवजी अक्षरांनी जग दाखवणारी जुनी ‘क्लासिक’ आवृत्ती आजही फुकट मिळते. इतिहास घडवणारा गाभा दोन्हींत एकच आहे, त्यामुळे पुढची उत्तरं दोन्हींना लागू पडतात.

प्रश्न : राजारामपुरीत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यात मोठं जग आणि हजार वर्षांचा इतिहास निवडला. लॅपटॉप रात्रभर तापला. शेवटी जग तयार झालं तर जिकडेतिकडे गॉब्लिनच, आणि लेजंड्स मोडमध्ये, म्हणजे घडलेला इतिहास वाचायच्या भागात, इतकी नावं की कुठून वाचायचं तेच कळेना. वाचण्याजोगा इतिहास मिळवायचा कसा?

उत्तर : जग लहान करा आणि काळ कमी करा. या खेळातला चांगला इतिहास लहान जगातच सापडतो, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

आधी वेळेचं बघू. सगळ्यात मोठं जग २५७ × २५७ चौकटींचं असतं, ‘स्मॉल’ ६५ × ६५ चं. म्हणजे क्षेत्रफळात जवळपास सोळापट फरक. इतिहास वर्षावर्षाने पुढे सरकतो आणि दरवर्षी प्रत्येक ऐतिहासिक व्यक्तीचा हिशेब होतो : लग्न, मूल, स्थलांतर, लढाई, मृत्यू. व्यक्ती वाढत जातात तसं प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षापेक्षा जड होतं. म्हणून पहिली शंभर वर्षं झरझर जातात आणि शेवटची शंभर रखडतात.

आता गॉब्लिन. ड्वार्फ साधारण १५० ते १७० वर्षं जगतो, माणूस ६० ते १२०. गॉब्लिन म्हातारपणाने मरतच नाहीत, त्यांना अन्नही लागत नाही, आणि त्यांच्या गादीवर बहुधा न मरणारा राक्षस बसलेला असतो. हजार वर्षांत ड्वार्फांच्या अनेक पिढ्या जातात, दरवेळी वारस लागतो, एखाद्या दुष्काळी पिढीत घराणं खुंटतं. समोर मात्र तोच राक्षस तेच सैन्य घेऊन बसलेला असतो. एल्फही अमर असतात, पण धातूची हत्यारं वापरत नाहीत, त्यामुळे टिकाव लागत नाही. काळ लांबला की पारडं एकाच बाजूला झुकतं ते असं. शिवाय ड्रॅगन, हायड्रा, रॉक पक्षी असे महाकाय प्राणीही तोवर मारले जातात. ते संपत जातात तशी युगं बदलतात आणि शेवटी निव्वळ राज्यांची यादी उरते.

आमची शिफारस अशी : ‘स्मॉल’ जग, शेवटचं वर्ष १५० ते २००, संस्कृती ८ ते १०, महाकाय प्राणी १० च्या आसपास, त्याखालचे म्हणजे सायक्लॉप्स, मिनोटॉर वगैरे २०, टायटन ५. हे आकडे साध्या पडद्यावर मिळत नाहीत, तपशीलवार मांडणीत शिरावं लागतं. प्राणी यापेक्षा फार वाढवले तर पहिल्या पन्नास वर्षांतच दोन-तीन संस्कृती नष्ट होतात आणि युद्धाला माणसंच उरत नाहीत. संस्कृती वाढवल्या तर खेळ एकामागून एक जगं नाकारत बसतो, कारण ड्वार्फांना डोंगर लागतो, एल्फांना जंगल, आणि लहान नकाशावर तेवढ्या योग्य जागा नसतात. अशा वेळी बाकीचं काही न बदलता फक्त संस्कृती दोनने कमी करून बघा. इतिहास चालू असताना मध्येच थांबवून आहे त्या वर्षाला जग पक्कं करता येतं. त्यामुळे वर्षाचा आकडा थोडा जास्त ठेवून, रंग भरला की थांबणं चांगलं. बिनमहत्त्वाच्या व्यक्ती गाळण्याचा एक पर्याय असतो. लहान जगात तो बंद ठेवा. नाहीतर पुढे एखाद्या सरदाराचा बाप कोण हे शोधायला जाल आणि तो नोंदीतूनच गेलेला असेल.

वाचायला सुरुवात व्यक्तीपासून करू नका, गावापासून करा. तीनदा हात बदललेलं एखादं ठाणं निवडा. कुणी वसवलं, कुणी लुटलं, कुणी जिंकलं, नंतर कारभारी कोण नेमला हे त्याच्या पानावर सलग मिळतं. त्यातली चार-पाच नावं उचलून मग माणसांकडे वळा.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितो. माझ्या जगात एल्फ आणि ड्वार्फ यांच्यात चाळीस वर्षं युद्ध चाललंय, पण युद्धाच्या पानावर नुसती लढायांची यादी आहे. कारण कुठे सापडेल?

उत्तर : युद्धाच्या पानावर ते क्वचितच असतं. युद्ध सुरू झाल्याचं वर्ष टिपून घ्या आणि दोन्ही बाजूंच्या सीमेवरच्या ठाण्यांची त्याआधीची १० ते १५ वर्षं वाचा. तिथे तंट्यांच्या नोंदी असतात. हा खेळ तंट्याचे सहा प्रकार मानतो : पाण्याचा हक्क, चराईचा हक्क, मासेमारीचा हक्क, वहिवाटीची वाट, जनावरांची मालकी आणि हद्द. बांधावरून आणि पाटाच्या पाळीवरून वैर कसं वाढतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

तंटा नसेल तर नीतिनियम बघा. प्रत्येक संस्कृतीला एक आचारसंहिता दिलेली असते. काय चालतं, कशाला शिक्षा, काय मनातही आणायचं नाही, हे तिच्यात ठरलेलं असतं. झाड तोडणं एल्फांना असह्य, ड्वार्फांना रोजचं काम. उलट लढाईत मारलेल्या शत्रूला खाणं एल्फांना मान्य, ड्वार्फांच्या लेखी घोर पाप. एवढं अंतर असेल तर निमित्ताची गरज फारशी उरत नाही. हे पडताळून पाहता येतं. संस्कृतींची व्याख्या असलेल्या ‘एंटिटी डिफॉल्ट’ या फाइलची प्रत बाजूला ठेवा, मूळ फाइलमध्ये एल्फांच्या या दोन नोंदी ड्वार्फांसारख्या करा आणि नवीन जग बनवा. एका जगावरून निष्कर्ष काढू नका. पाच जुन्या नियमांची आणि पाच नव्या नियमांची जगं बनवून या दोघांतली युद्धं मोजा.

एक तिसरा धागाही धरा, कारण तो या खेळातला सर्वांत समृद्ध भाग आहे. एखाद्या माणसाला मृत्यूची धास्ती बसते, तो देवाकडून जीवन-मरणाचं रहस्य कोरलेली शिळा मिळवतो, मढी उठवू लागतो आणि मनोरा बांधतो. पुढे तो पुस्तकं लिहितो आणि ती वाचून दुसरे त्याच वाटेला लागतात. अशा मनोऱ्याच्या आसपासची युद्धं समजून घ्यायची तर सैन्याचा नव्हे, पुस्तकाचा प्रवास शोधा.

प्रश्न : गडहिंग्लजला माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. मुलांना साधनांची चिकित्सा शिकवायला असा खेळ वापरता येईल का?

उत्तर : येईल, पण बाई, खेळ नीट निवडा. लेजंड्स मोड या कामाला थेट उपयोगाचा नाही, कारण तो कधी चुकत नाही. तिथली प्रत्येक नोंद खरी असते, कुणाची बाजू घेत नाही, काही लपवत नाही. असं साधन इतिहासात कुठेच नसतं.

तुमच्या कामाचा खेळ ‘केव्ह्ज ऑफ कड’. त्याची पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. त्यात प्रत्येक नव्या डावात पाच प्राचीन सुलतानांची चरित्रं नव्याने रचली जातात. सहावा, रेशेफ, ठरलेला आहे. रचण्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये आधी परिस्थिती असते आणि तिच्यातून घटना घडते. इथे घटना आधी निवडली जाते : वेढा, खून, शहराची स्थापना. मग त्या सुलतानाविषयी आधीच ठरलेल्या गोष्टींतून तिला शोभेलसं कारण जोडलं जातं. खेळाडूच्या हाती सलग चरित्र कधीच येत नाही. मूर्तींवर, कोरीव कामात, जुन्या वस्तूंवर एकेक तुकडा सापडतो, आणि तो गौरवाच्या भाषेत असतो. म्हणजे साधन बखरीच्या जातीचं झालं. त्याच्या शेजारी दस्ताचं उदाहरण द्यायला आपल्याकडे वारणेचा तह आहे. १७३१ साली करवीर आणि सातारा या दोन गाद्यांमधली वाटणी त्या तहाने ठरली. तिथे कलमं आहेत, हद्दी आहेत, प्रशंसा नाही.

वर्गात पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एकाच सुलतानाचे सहा तुकडे मराठीत उतरवून द्या, कारण मूळ इंग्रजी अवघड आणि अलंकारिक आहे. वहीत तीन रकाने : काय घडलं, कारण काय दिलंय, आणि हे कारण सांगण्यात कुणाचा फायदा. तिसऱ्या रकान्यावर निम्मा तास जाऊ द्या. लेजंड्स मोडच वापरायचा असेल तर एका युद्धाच्या नोंदी दोन गटांत वाटा. प्रत्येक गटाला फक्त आपल्या बाजूच्या ठाण्यांवर घडलेलं द्या आणि त्यावरून युद्धाचं कारण लिहायला सांगा. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की चर्चा आपोआप सुरू होते.

प्रश्न : कागलहून. लेजंड्समधून एक्सएमएल फाइल काढली आणि पायथनने युद्धांचा तक्ता करायला घेतला. फाइल वाचतानाच अडते. वाचली गेली तर कुठल्याच व्यक्तीचा मृत्यू बरोबर येत नाही.

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. फाइल युटीएफ-८ मध्ये नसते, सीपी-४३७ या जुन्या अक्षरसंचात असते. आधी ती त्याच संचात उघडून युटीएफ-८ मध्ये नवी प्रत लिहा, पहिल्या ओळीतलं संचाचं नाव बदला आणि वाटेत छापता न येणारी नियंत्रण-अक्षरं गाळा. फाइल शेकडो एमबीची असेल तर एकदम मेमरीत घेऊ नका. घटक एकेक वाचून, वापरून, लगेच रिकामा करत चला.

मृत्यूचं वर्ष उणे एक असेल तर व्यक्ती जिवंत आहे. तो आकडा तसाच वजाबाकीत घेतला की वयं भलतीच येतात. हाच उणे एक ठिकाणाच्या रकान्यात असेल तर घटना गावात घडलेली नाही, रानात घडली आहे. त्या वेळी प्रदेशाचा क्रमांक बघा. युद्ध, लढाई आणि घटना या तीन पायऱ्या आहेत. युद्धाच्या नोंदीत लढायांचे क्रमांक मिळतात, लढाईच्या नोंदीत दोन्ही बाजूंच्या तुकड्या आणि त्यांतले मृत. मृतांची बेरीज लढाईच्या पातळीवर करा. फक्त नाव असलेल्या व्यक्तींचे मृत्यू मोजलेत तर आकडा फार कमी येईल, कारण तुकड्यांतले बहुतेक शिपाई नुसत्या संख्येने नोंदलेले असतात. ज्या जगात तुमचा किल्ला चालू आहे त्याचे लेजंड्स हवे असतील तर आधी सेव्हच्या फोल्डरची प्रत करा आणि त्या प्रतीत किल्ला निवृत्त करा.

प्रश्न : पन्हाळ्यावरून लिहितेय. जगातल्या गावांना आणि माणसांना मराठी नावं देता येतील का? नाद खुळा होईल!

उत्तर : येतील, पण देवनागरीत नाही, कारण वर सांगितलेला अक्षरसंच इथेही आड येतो. रोमन लिपीत लिहा. दीर्घ स्वराची आडवी रेघ त्या संचात नाही. ‘आ’साठी तिरपी खूण असलेला ‘á’ वापरता येतो.

‘लँग्वेज ह्यूमन’ नावाच्या फाइलची प्रत करून ठेवा. तिच्यात सुमारे दोन हजार नोंदी आहेत. प्रत्येक ओळीत चौकटी कंसात आधी T_WORD ही खूण, मग इंग्रजी शब्द, मग त्या भाषेतला शब्द, आणि मध्ये कोलन. डावीकडचं काही हलवू नका, फक्त शेवटचा शब्द बदला. नावं दोन शब्द जोडून तयार होतात, म्हणून एक-दोन अक्षरी शब्द घ्या : गड, खिंड, वाट, रान, काळ, वीर. ‘विशाळगड’ हा आख्खा शब्द एका नोंदीत टाकलात तर त्याला पुढे आणखी एक शब्द चिकटेल. ‘विशाळ’ आणि ‘गड’ वेगळे ठेवलेत तर जोडी कधीतरी आपोआप जमेल. विभक्ती, लिंग यांचं व्याकरण खेळाला कळत नाही, तेव्हा शब्दाचं मूळ रूपच द्या. सगळे शब्द एका बैठकीत बदलायचा हट्ट नको, निसर्ग, रंग आणि युद्ध यांचे दोनशे शब्द झाले तरी नकाशाचा सूर बदलतो. नंतर नवीन जग बनवा. काही बिघडलं तर खेळाच्या फोल्डरमधली ‘एररलॉग’ ही फाइल उघडा. सुटलेला कंस किंवा कोलन तिथे कळतो. स्टीमवरचं अपडेट मूळ फाइल पुसून टाकतं, म्हणून बदललेली प्रत दुसरीकडे जपा.

प्रश्न : गंगावेशीतून. संगणक नाही, फक्त मोबाइल आहे. यातलं काही जमेल का?

उत्तर : ‘वर्ल्डबॉक्स’ घ्या. त्यात राज्यं डोळ्यांसमोर वाढतात, लढतात, फुटतात. जगाच्या नियमांत बंडखोरीचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर एकच राज्य सगळं गिळतं आणि पुढे काही घडत नाही. नकाशे आवडत असतील तर ‘अझगार’चा नकाशा बनवणारा कार्यक्रम ब्राउझरमध्ये फुकट चालतो, पण छोट्या पडद्यावर त्याला अडचण होते. मित्राचा लॅपटॉप तासभर मिळाला तर उत्तम. अझगारच्या नकाशात दिसणारी युद्धांची यादी मात्र लढून तयार झालेली नसते. काळ पुढे न सरकता ती नकाशाबरोबरच रचली जाते, म्हणून तिच्यातून कारणं शोधायला जाऊ नका. गोष्ट लिहायला पार्श्वभूमी हवी असेल तर ती पुरेशी आहे.