मधुमेहाची जनुकं शोधणारे नेमकं काय करतात, आणि चाचणीतून आपलं भविष्य कळतं का?

प्रश्न असा आहे: "माझ्या आई-वडिलांना, दोघांनाही मधुमेह आहे. मधुमेहाचं साथरोगशास्त्र आणि जनुकं यांवर संशोधन करणारे डॉक्टर नेमकं काय करतात? मी जनुकीय चाचणी करून घेतली तर मला मधुमेह होणार का ते कळेल?"

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण खरी काळजी त्याची आहे. काही मोजके अपवाद सोडले, तर तुम्हाला मधुमेह होणार की नाही हे आजची कोणतीही जनुकीय चाचणी सांगू शकत नाही. अपवादांकडे शेवटी येतो.

मी गेली बारा वर्षं या क्षेत्रात आहे. पहिली काही वर्षं शिबिरांमध्ये लोकांचं रक्त गोळा करण्यात गेली, आता तसल्याच नमुन्यांमधल्या डीएनएचं विश्लेषण करतो. साथरोगशास्त्र या शब्दाने थोडा घोटाळा होतो. मधुमेहाची साथ काही तापासारखी येत नाही. आजार कुणाला होतो, कोणत्या वयात, किती जणांना, आणि शेजारच्याला का होत नाही, याचा हिशेब ठेवणारं हे शास्त्र. जनुकांचं काम याहून वेगळं, प्रयोगशाळेतलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. पण साखर कशी मोजली यावरच कोणतं जनुक हाती लागणार ते ठरतं, हे मी कामातून शिकलो.

जीटीटी म्हणजे ग्लुकोज पाजून शरीर साखर कशी हाताळतं ते पाहणारी चाचणी. तिची सकाळ कशी असते ते सांगतो. माणूस रात्रभर उपाशी राहून येतो. आधी उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं. मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला द्यायचं. बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात चालायचं नाही, काही खायचं नाही. शंभर माणसांमागे शंभर वेगवेगळी घड्याळं सांभाळायची. रक्त काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. ट्यूब तशीच ठेवली तर तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते. राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये ही घट थांबवणारं फ्लोराइड असतं, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. म्हणून ट्यूब लगेच बर्फात ठेवायची आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा.

एकदा आमच्या एका केंद्रावरचे उपाशीपोटीचे आकडे सातत्याने कमी येत होते. तिथले लोक जास्त निरोगी आहेत, असा निष्कर्ष जवळजवळ लिहून झाला होता. मी तिथे जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसलं, की ट्यूबचा स्टँड टेबलावर उघडा आहे आणि बर्फाचा डबा टेबलाखाली, झाकण बंद. गाडी येईपर्यंत दीड-दोन तास नमुने तसेच पडून राहायचे. त्या केंद्रावरची सगळी उपाशीपोटीची मापं आम्हाला रद्द करावी लागली. इतक्या लोकांनी उपाशी येऊन दिलेलं रक्त वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता याचा जनुकांशी संबंध. अमेरिकेत अॅरिझोनातल्या गिला नदीकाठच्या पिमा या आदिवासी लोकांचा अभ्यास 1965 मध्ये सुरू झाला आणि चार दशकं चालला. पाच वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाची साधारण दर दोन वर्षांनी जीटीटी. त्या आकड्यांच्या आलेखात एकाऐवजी दोन उंचवटे दिसले, आणि डोळ्यांच्या पडद्याची मधुमेही इजा दुसऱ्या उंचवट्यातल्या लोकांत आढळली. दोन तासांनंतर दर डेसिलिटर रक्तात 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर म्हणजे मधुमेह, हा आज सगळीकडे वापरला जाणारा आकडा ठरण्यात या लोकांचा मोठा वाटा आहे. त्यांच्याच रक्ताचे नातेवाईक सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात राहतात, अंगमेहनतीची शेती करतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकी पिमांमध्ये मधुमेह 38 टक्के होता, मेक्सिकोतल्या पिमांमध्ये 6.9 टक्के. जनुकांचा वारसा जवळपास तोच.

आणि ग्रीनलँडचं उदाहरण तर मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. तिथे 2014 मध्ये टीबीसी1डी4 या जनुकातला एक बदल सापडला. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींमध्ये हा बदल असलेल्या माणसात मधुमेहाची शक्यता सुमारे दहा पट. असे लोक तिथे शंभरात जवळपास चार. या बदलामुळे स्नायूला इन्सुलिनचा निरोप नीट पोचत नाही. साखर आत घेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येत नाहीत आणि ग्लुकोज प्यायल्यावर साखर रक्तातच तुंबून राहते. उपाशीपोटी मात्र ती वाढलेली नसते. म्हणजे त्या पथकाने सोयीसाठी फक्त उपाशीपोटीचं रक्त घेतलं असतं, तर हे जनुक त्यांच्या हातून निसटलं असतं. कुणीतरी दोन तास थांबून दुसरी सुई टोचली, म्हणून ते सापडलं.

एचबीए1सी, म्हणजे लाल पेशींवर चढलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी, तिच्या बाबतीत उलटा धोका असतो. ते माप लाल पेशीच्या आयुष्यावर अवलंबून आहे. जी6पीडी जनुकातल्या काही बदलांमुळे लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही, आणि साखर वाढलेली असूनही आकडा कमी दिसतो. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांत हा बदल असतो. फक्त एचबीए1सीवर विसंबलं तर त्यांच्यातल्या काहींचं निदान होतच नाही.

वजनाचंही तेच. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जॉन युडकिन आणि चित्तरंजन याज्ञिक या दोन संशोधकांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

आता तुमच्याविषयी. टाइप 2 मधुमेह एका जनुकाचा नसतो. 2024 मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात 25 लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली होती आणि जनुकसंचातल्या 611 जागांचा या आजाराशी संबंध दिसला. बहुतेकांचा परिणाम अगदी बारीक. सर्वसामान्यपणे आढळणाऱ्यांपैकी सर्वांत ठळक टीसीएफ7एल2, जे 2006 मध्ये आइसलँडच्या अभ्यासातून पुढे आलं. त्यातल्या धोक्याच्या एका प्रतीने शक्यता साधारण 1.4 पट होते. याच्याशेजारी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या कुटुंबांच्या अभ्यासातला आकडा ठेवा: आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर मुलांना धोका सुमारे साडेतीन पट, दोघांना असेल तर सहा पट. तुमच्या घरचा इतिहास त्या एका जनुकापेक्षा कितीतरी जास्त सांगतो, आणि तो तुम्हाला फुकट कळलेला आहे.

हे वाचून घाबरू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 3,234 लोकांवर अमेरिकेत जो प्रतिबंधाचा प्रयोग झाला, त्यात वजन थोडं कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम यांनी मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. हा निकाल 2002 चा. पुढे त्याच लोकांची टीसीएफ7एल2 साठी तपासणी झाली. धोक्याच्या दोन्ही प्रती असलेल्यांना एरवी मधुमेह जास्त होत होता, पण व्यायाम-आहाराच्या गटात तो जास्तीचा धोका दिसला नाही.

आता अपवाद. थोड्या लोकांचा मधुमेह खरोखर एकाच जनुकाचा असतो आणि तिथे चाचणी करायलाच हवी. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेली बाळं घ्या. 2004 मध्ये कळलं, की यांतल्या अनेकांत केसीएनजे11 जनुकातल्या बदलामुळे स्वादुपिंडाच्या बीटा पेशीतली पोटॅशियमची वाट सतत उघडी राहते आणि इन्सुलिन बाहेर पडत नाही. सल्फोनिलयुरिया ही जुनी, साधी गोळी नेमकी तीच वाट बंद करते. 2006 च्या अभ्यासात अशा 49 रुग्णांपैकी 44 जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन थांबलं. मोडी (MODY) नावाचे, सहसा तरुणपणीच दिसणारे एकाच जनुकाचे प्रकारही असेच. त्यातल्या ग्लुकोकायनेज जनुकाच्या प्रकारात साखर आयुष्यभर जराशी वर राहते आणि सहसा औषधच लागत नाही. तरी त्यांतले काही जण वर्षानुवर्षं गोळ्या घेत असतात.

म्हणून चाचणीवर पैसे घालवण्याआधी आई-वडिलांना एवढं विचारा: निदान कोणत्या वयात झालं, तेव्हा अंगाने कसे होते, आणि आजी-आजोबांपैकी कुणाला तरुणपणीच होता का? पंचविशीच्या आत, सडपातळ असताना, सलग पिढ्यांमध्ये, अशी उत्तरं आली तर मधुमेहतज्ज्ञांना मोडीबद्दल विचारा. पन्नाशीत, पोट सुटल्यावर, अशी आली तर जनुकांची चाचणी राहू द्या. त्याऐवजी एक पूर्ण जीटीटी करून घ्या, दोन तासांचं दुसरं रक्त न टाळता.