आकृती ताठ का दिसते?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. कापूस वेचणाऱ्या बाईचे चित्र काढले, पण आकृती ताठ दिसते आणि सावळी कांती मळकट होते. काय चुकते?

उत्तर : प्रौढ माणसाची उंची साधारणपणे त्याच्या डोक्याच्या ७ ते ७.५ पट असते. आपल्या चित्रात ती जेमतेम ५ पट भरते, तेवढे सुधारावे. ताठपणाचे खरे कारण मात्र वेगळे आहे. बाई एका पायावर भार देऊन उभी राहते तेव्हा त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो आणि कापसाने भरलेली ओटी पुढे ओढत असल्यामुळे पाठ किंचित मागे रेलते. आपण खांदे व कंबर समांतर काढली आहेत. शेतात उभे राहून ही एक गोष्ट डोळे भरून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कांती मळकते ती सावलीत मिसळलेल्या काळ्या रंगामुळे. त्याऐवजी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगामध्ये थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळावा. हनुवटीखालची सावली मात्र उजळच ठेवावी, कारण तेथे ओटीतल्या पांढऱ्या कापसावरून परतलेले ऊन पडते.