अमेरिकेत डॉक्टरांना एवढा मान आणि अधिकार पहिल्यापासूनच होता का?

छे, अजिबात नाही. १८३० आणि ४० च्या दशकांत तर बऱ्याच राज्यांनी डॉक्टरकीच्या परवान्याचे कायदेच रद्द केले होते. रक्त काढायचं, पारायुक्त कॅलोमेल देऊन जुलाब करवायचे, असले उपचार. लोकांचा विश्वास बसणार कसा?

१८९० च्या दशकात घटसर्पावरचं प्रतिविष आलं आणि गुण दिसू लागला, हे खरं. पण माझ्या मते खरी बाजी मारली ती कायद्याने आणि डॉक्टरांच्या संघटनेने. वेस्ट व्हर्जिनियात फ्रँक डेंट नावाचा डॉक्टर बरीच वर्षं प्रॅक्टिस करत होता. त्याची पदवी सिनसिनाटीच्या 'एक्लेक्टिक' पंथाच्या, म्हणजे वनस्पतींच्या औषधांवर भर देणाऱ्या वैद्यांच्या कॉलेजची, म्हणून राज्याच्या मंडळाने ती मानली नाही आणि त्याला दंड झाला. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्याचीच बाजू उचलून धरली. डॉक्टर कोणाला म्हणायचं, ते आता परवाना मंडळं ठरवणार!

मग मेडिकल शिक्षणावरचा १९१० चा फ्लेक्सनर अहवाल. गंमत म्हणजे अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. अमेरिका-कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं पालथी घालून त्याने बहुतेकांची लक्तरं वेशीवर टांगली. कॉलेजं बंद पडण्याची प्रक्रिया आधीच सुरू होती, तिला जोर आला. शिक्षण महागलं, डॉक्टर कमी झाले, भाव वधारला. कृष्णवर्णीयांच्या सात कॉलेजांपैकी मात्र हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच तगली.