गावरान तंबाखूचं बी मिळालंय, दोनदा पेरूनही उगवलं नाही. परसात पाच-सहा रोपं कशी लावावीत?

निपाणीकडचं जुन्या विडी तंबाखूचं बी आहे, कोल्हापुरात घरामागे पाच-सहा रोपं लावून ते वाण टिकवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. दोनदा पेरून उगवलं नाही म्हणून बी टाकून देऊ नका. बहुतेक ते मातीखाली गेलं असावं.

हे बी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक असतं. एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे भरतात. उगवायला त्याला उजेड लागतो, आणि दाण्यात साठा इतका थोडा की वर मातीचा पातळ थर असला तरी कोंब त्यातच संपतो. म्हणून बी मातीत पुरायचं नाही. अगदी चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत कालवा, चाळलेली माती आणि जुनं शेणखत भरलेल्या ट्रेवर भुरभुरा आणि तळहाताने हलकं दाबा. वरून झारी धरली तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. त्यापेक्षा ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवा आणि मातीला खालून ओल ओढू द्या. वरचा थर काळसर दिसला की ट्रे बाहेर काढा. पेरणी जूनअखेर ते जुलैत करा, आणि पावसाचा थेंब थेट बसणार नाही असा उजेडाचा आडोसा द्या. 7 ते 14 दिवसांत हिरवे ठिपके दिसतील. पुढचे दोन-तीन आठवडे रोप जागचं हलत नाही असं वाटतं. तेव्हा खताची घाई नको.

याच काळात रोपं कोलमडतात. देठ मातीलगत पाणचट, तपकिरी होतो आणि रोप आडवं पडतं. दाटी आणि सततची ओल ही त्याची कारणं. दोन रोपांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करा, पाणी सकाळीच द्या. रोग दिसलाच तर लिटरला 2 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून मातीत ओता.

साधारण दीड महिन्यात रोप 12-15 सेंटिमीटरचं होतं. ते संध्याकाळी, पूर्ण उन्हाच्या आणि पाणी न साचणाऱ्या जागी लावा, अंतर 90 बाय 60 सेंटिमीटर ठेवा. पोटॅश द्यायचं तर सल्फेटचं द्या. म्युरेट ऑफ पोटॅश या खतातल्या क्लोराइडने पानाची प्रत बिघडते, वाळलेलं पान नीट जळत नाही. टोमॅटो, मिरची, वांगी जवळ नकोत. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा केवडा (मोझॅक) रोग त्यांनाही होतो. त्याचा विषाणू हाताने पसरतो, आणि वाळलेल्या तंबाखूतही तो जिवंत राहतो. विडी ओढून किंवा तंबाखू मळून आलेल्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला हात लावू नये. मावा आणि पाने खाणारी अळी यांसाठी पानांची खालची बाजू रोज बघा. अळीची अंडी तपकिरी लवेच्या पुंजक्यात असतात. तेवढं पान खुडून नष्ट केलं की पाच-सहा झाडांना फवारणीची गरज फारशी पडत नाही. बुंध्याशी पान नसलेले फिकट दांडे वर आले तर ते बंबाखू. तंबाखूच्या मुळांवर जगणारी ही वनस्पती फुलण्याआधीच उपटा.

पानांसाठी ठेवलेल्या झाडांचे शेंडे कळी दिसताच खुडा, नंतर दर आठवड्याला बगलफूट काढा. पण तुमचं खरं काम बियाण्याचं आहे, तेव्हा सगळ्यांत निरोगी आणि वाणाला धरून असलेल्या दोन झाडांचे शेंडे मुळीच खुडू नका. तंबाखूत परागीकरण बहुतेक स्वतःच्याच परागाने होतं. तरी मधमाशी शेजारच्या दुसऱ्या वाणाचा पराग आणू शकते. उमललेली फुलं काढून टाका आणि बंद कळ्यांच्या तुऱ्यावर मलमलीची सैल पिशवी बांधा. बोंडं तपकिरी आणि कडक झाली की कापा, सावलीत वाळवा. वाळलेली बोंडं कागदावर चुरगाळून चाळणीने भुसा काढा आणि बी घट्ट झाकणाच्या बाटलीत थंड, कोरड्या जागी ठेवा. बाटलीवर वर्ष लिहा. कोरडं राहिलं तर बी कित्येक वर्षं उगवतं, आणि एका बोंडातच हजारांनी दाणे मिळतात.

ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं. मळमळ, उलटी, चक्कर येते. दव वाळल्यावरच, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काम करा. लहान मुलं आणि शेळ्या तिकडे जाणार नाहीत असं कुंपण आधी घाला, मग रोपं लावा.