शेजारचा मायलो आणि आपलं ‘इट्स ओके’

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

“शेजाऱ्यांनी फेब्रुवारीत लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं, मायलो. आता तो दहा महिन्यांचा धटिंगण झालाय. मागचं कुंपण दोन ठिकाणी मोडलंय आणि हा कायम मोकळाच, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा आमच्याकडे. गणपतीत दार उघडं होतं, तर सरळ आत आला, रांगोळी तुडवली आणि प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं चाटूनपुसून साफ केलं. परवा माझ्या सहा वर्षांच्या मुलाला त्याने पाडलं, कोपर सोलवटलं. शेजारीण लांबूनच हसत म्हणते, ‘ही इज ओन्ली प्लेइंग!’ माणसं चांगली आहेत. कोविडमध्ये आमचं वाणसामान त्यांनीच आणून दिलं होतं. दिवाळीला सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत आणि त्या कुत्रा नुसता भुंकला तरी थरथरतात. नवरा म्हणतो, सरळ कौन्सिलकडे (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे) तक्रार कर. मला संबंध तोडायचे नाहीत. काय करू?”

ताई, पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडले. शेजारीण काय म्हणते ते तुम्ही लिहिलंत, पण तिला तुम्ही काय उत्तर देता ते पत्रात कुठेच नाही. मला वाटतं ते ‘इट्स ओके, इट्स ओके’ असणार, आणि तेही हसून. आपल्याकडे ते म्हणताना चेहऱ्यावरून, आवाजावरून समोरच्याला कळतं की बाईंना आवडलेलं नाही. इथे ते कळत नाही. इथे ‘ओके’ म्हणजे ओके. गेले सात-आठ महिने तुम्ही त्या बाईला सांगत आलात की मायलोचं येणं तुम्हाला चालतंय, आणि तिने ते खरं मानलं.

मी हे ठामपणे म्हणते, कारण मी तेच केलं होतं. या देशात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी पलीकडच्या घरातला स्पॅनियल जातीचा एक तरुण कुत्रा आमच्या दारातल्या चपला पळवायचा. वर्षभर मी ‘जाऊ दे, कशाला उगाच’ करत राहिले. मग एका संध्याकाळी आईने पाठवलेल्या कोल्हापुरीचा अंगठा त्याच्या तोंडात दिसला आणि मी भर रस्त्यात त्या गृहस्थांवर ओरडले. वर्षभराचं सगळं एका दमात बाहेर पडलं. त्यांचा चेहरा अजून आठवतो. त्यांना हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. ते घर विकून गेले तोवर आमच्यात साधं ‘हॅलो’सुद्धा उरलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधी जाऊन बोला. मायलो अंगणात धुडगूस घालत असताना नको, मुलगा रडत असताना तर नकोच. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, दोन्ही घरं निवांत असतात तेव्हा जा. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्दही टाकू नका. चारचौघांत कमीपणा आला की इथलाही माणूस हट्टाला पेटतो.

सुरुवात शिऱ्यापासून करा, कारण ते तिला कळायलाच हवं. शिऱ्यात बेदाणे होते ना? द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्यांना विषारी असतात. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नसतो. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसऱ्याला थोडेही भोवतात. या वेळी मायलो वाचला. कांदा, लसूण आणि चॉकलेटही त्याच्यासाठी वाईट, आणि आपल्या स्वयंपाकघरात यातलं काही ना काही रोज असतंच. पुन्हा असं झालं तर तो बरा दिसतोय की नाही याची वाट न बघता लगेच त्यांना फोन करा, म्हणजे त्यांना तडक व्हेटकडे जाता येईल. तुमच्या घरात घुसण्यात तिच्या कुत्र्याच्याच जिवाला धोका आहे, हे ऐकल्यावर ती कान देऊन पुढचं ऐकेल.

मग मुलाचं कोपर. इथे हसू नका. ‘तो पडला, त्याला लागलं, आता तो बागेत जायला घाबरतो’, एवढंच आणि असंच सांगा. त्यानंतर मागणं एकच ठेवा आणि त्याला तारीख लावा: कुंपणाच्या त्या दोन फळ्या या महिन्याअखेर बसवून घ्याव्यात, तोवर मायलो मागच्या बागेत पट्ट्याशिवाय नको. रांगोळी, भुंकणं, फुलझाडं हे सगळं त्याच दिवशी काढू नका. दहा तक्रारी ऐकलेला माणूस एकही लक्षात ठेवत नाही.

कुंपण कोणाचं हे आधी घराच्या कागदपत्रांत बघून जा. ‘डावीकडचं कुंपण आपलं’ असं इथे सर्रास म्हणतात, पण कायद्यात तसा नियम नाही. तुमचंच निघालं तर दुरुस्ती तुम्ही करा, वाटल्यास खर्च अर्धा-अर्धा सुचवा. मागच्या बाजूला सहसा २ मीटरपर्यंत कुंपणाला नियोजन परवानगी लागत नाही.

मायलो वाईट कुत्रा नाही, एवढं मात्र मनात पक्कं ठेवून जा. तो वयात येतोय. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पाच महिन्यांचा असताना ऐकणारा कुत्रा आठव्या महिन्यात आपल्याच माणसाचं ऐकेनासा होतो, परक्याचं मात्र ऐकतो. म्हणजे शेजारणीच्या हाकेला तो दाद देत नाही, यात तिचा निष्काळजीपणा थोडा आणि त्याचं वय बरंच आहे. हे दिवस सरतात. पण तोवर त्या अंगाने मोठ्या झालेल्या पोराला आवर घालायची जबाबदारी तिचीच, आणि तसं म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

मुलाला ‘स्टॅच्यू’ शिकवा. आपण लहानपणी खेळायचो तोच खेळ. कुत्रा धावत आला की स्टॅच्यू: पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात छातीशी घट्ट, नजर स्वतःच्या बुटांवर. पळणारं मूल आणि हवेत उडणारे हात म्हणजे त्याच्यासाठी खेळाचं आमंत्रण. न हलणाऱ्या माणसाचा त्याला लवकर कंटाळा येतो. पाडलंच तर गुडघे पोटाशी घ्यायचे, हात मानेवर आणि कानांवर, आणि गप्प पडून राहायचं. आधी घरात तुम्ही कुत्रा व्हा आणि रोज पाच मिनिटं सराव करा. माझ्या मुलीला जमायला आठवडा लागला होता.

कधी दात लागलाच तर हळद दाबून घरी बसू नका. कोमट वाहत्या पाण्याखाली जखम काही मिनिटं धुवा आणि १११ ला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरला, फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन किंवा अँटिबायोटिक लागू शकतं.

तुमच्या यजमानांचंही चूक नाही. १९९१ च्या कायद्यानुसार कुत्रा धोकादायकरीत्या बेताल असणं हा मालकाचा गुन्हा आहे. चावायलाच हवा असं नाही, तो इजा करील अशी रास्त भीती वाटली तरी पुरतं. २०१४ पासून हे खाजगी जागेलाही लागू आहे. पण कौन्सिलकडे जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये घर विकताना विक्रेत्याला जो माहितीचा फॉर्म भरावा लागतो, त्यात शेजाऱ्यांशी झालेले वाद आणि तक्रारी विचारतात, आणि खरं ते लिहावं लागतं. म्हणून कौन्सिल ही दुसरी पायरी. बोलून महिना गेला, फळ्या तशाच आहेत, मायलो पुन्हा मुलावर धावून आला, तर मात्र संकोच न करता कौन्सिलच्या डॉग वॉर्डनला कळवा. त्यासाठी आजपासून वहीत तारीख, वेळ आणि काय झालं ते लिहीत जा. मुलाला खरोखरची इजा झाली, तर महिनाभर थांबायचीही गरज नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची भीती खरी आहे. त्यांच्या पिढीने पिसाळलेली कुत्री पाहिलीत, पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माणसं पाहिलीत. ‘अहो आई, काही करत नाही तो’ असं कोणीही त्यांना म्हणू नये, शेजारणीने नाही आणि तुम्हीही नाही. ब्रिटनमधल्या कुत्र्यांत रेबीज नाही, एवढं मात्र त्यांना शांतपणे नक्की सांगा, निम्मी धास्ती तिथेच उतरेल. (हा दिलासा फक्त इथल्यापुरता. सुट्टीत गावी कुत्रा चावला किंवा ओरखडा जरी आला तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करायची.) पहिल्या आठवड्यात शेजारणीला विनंती करा की मायलोला पट्ट्यावर घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी राहा, आई आमच्या खिडकीतून बघतील. एवढंच. जवळ जायचं की नाही, कधी जायचं, ते त्यांचं त्या ठरवतील. नाहीच गेल्या तरी चालेल.

पण त्या येण्याआधी फळ्या ठोकून झालेल्या हव्यात, म्हणून हा शनिवार चुकवू नका.